हसनभाईंच्या गाडीचं ॲव्हरेज

ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर सामान कधी साठतं ते त्याला स्वतःलाही कळत नाही. एक वाळलेलं लिंबू, दोन सुटे नट, कुणाच्या तरी बारशाची पत्रिका, रिकामी चुन्याची डबी. मुद्दाम कोणी ठेवत नाही आणि एकदा साठलं की कोणी फेकतही नाही. आमच्या पिकअप स्टँडवरच्या किश्शांचं असंच आहे. मी, म्हणजे दिनू, रत्नागिरीत वीस वर्षं पिकअप चालवतोय. भाडं मिळेपर्यंत बसून राहणं हाच आमचा अर्धा धंदा, मग तोंड चालू ठेवण्याशिवाय माणूस करणार काय?

आणि तोंड चालू झालं की विषय एकच. ॲव्हरेज! लिटरला किती देते?

लग्नाच्या मुलाचा पगार आणि गाडीचं ॲव्हरेज कोणी कधी खरं सांगत नाही. सोयरीक जुळेपर्यंत पगार वाढत जातो आणि चहा संपेपर्यंत ॲव्हरेज. माझी गाडी अकरा देते, मी तेरा सांगतो. आता लिहायलाच बसलोय म्हणून खरं सांगितलं.

पण गेल्या उन्हाळ्यात हा विषय गमतीचा राहिला नाही. हसनभाईंची गाडी त्यात अडकली.

*

हसनभाई आमच्या स्टँडवरचे सगळ्यात जुने. वय सहासष्ट. तरुणपणी गल्फमध्ये ट्रेलर चालवला, परत आले आणि ही डिझेल पिकअप घेतली. तिचा हॉर्न तिच्या मर्जीने वाजतो. टाकीच्या झाकणाचं कुलूप कधीच मोडलंय. डावा दरवाजा उघडायला आतल्याने ओढावं लागतं आणि बाहेरच्याने लाथ घालावी लागते. हसनभाईंची बेगम चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून सकाळी सहाला उठून काच पुसायची आणि स्टँडवर यायचं, एवढाच त्यांचा दिवस.

त्यांचा मुलगा जहीर आता गल्फमध्ये असतो, ऑफिसात. एप्रिलमध्ये त्याचा व्हिडीओ कॉल आला, तो आम्ही सगळ्यांनी मिळून घेतला. स्टँडवर खाजगी असं काही नसतं.

"अब्बा, गाडी किती देते?"

"आठ," हसनभाई म्हणाले. आख्ख्या स्टँडवर खरं बोलणारा हा एकच माणूस, आणि तिथेच घात झाला!

"आठ? अब्बा, गाडी डिझेलवर चालते की डिझेल सांडत जाते? विकून टाका. तुमचं वय झालं, आता घरात आराम करा."

हसनभाईंचा चेहरा पडला. बरीच घासाघीस झाली. शेवटी जहीर म्हणाला, "जूनमध्ये मी सुट्टीवर येतोय. स्वतः बाजूला बसून बघणार. बारा दिलं तर ठेवा. नाय दिलं तर गाडी विकायची. कबूल?"

"कबूल!" हसनभाई छाती काढून म्हणाले. फोन बंद केला आणि हळूच माझ्याजवळ सरकले. "दिन्या, बारा तिने नवी होती तेव्हा पण दिलं नाय रे."

मला खरंच वाईट वाटलं. गाडी गेली तर हा माणूस सकाळी सहाला उठून पुसणार काय?

*

आम्ही विलासला गाठलं. विलास मेकॅनिक, हातखंब्याला हायवेवर त्याचं गॅरेज. बॉनेट उघडायच्या आधी तो डॉक्टरसारखा दोन मिनिटं गप्प उभा राहतो, म्हणून लोक घाबरतात.

त्याने एअर फिल्टर काढून आपटला. त्यातून जी धूळ निघाली ती बघून हसनभाई म्हणाले, "यातली थोडी तरी दुबईची असेल." पण ही गाडी दुबईला कधी गेलीच नव्हती!

मग विलास म्हणाला, "आता पहिलं वजन कमी करा."

"माजं?"

"गाडीचं!"

आम्ही मागची ताडपत्री काढली. खाली एक फुटका पाटा, नांगराचा फाळ, लोखंडी खाटेचा अर्धा भाग आणि सात चिरे. जांभ्याचे, चांगले घडीव. एकेक उचलताना कंबर बोलायला लागली.

चढावर गाडी थांबली की मागच्या चाकाला लावायला चिरा लागतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. पण एक लागतो! सात?

"माजा एकच हाय," हसनभाई म्हणाले. "बाकीचे रस्त्यात पडलेले. लोक चाकाला लावतात आणि तसेच टाकून जातात. कुणी स्कूटरवाला आपटला तर? दिसला की मी उचलतो."

"म्हणजे आख्ख्या तालुक्याचे चिरे तुम्ही फिरवताय?" विलासने कपाळावर हात मारला. "अजून वर्षभर थांबला असता तर घर झालं असतं!"

सहा चिरे आम्ही स्टँडवर उतरवले. हल्ली आम्ही त्यावरच बसतो. गाडीने त्या आठवड्यात पावणेनऊ दिलं.

*

पुढचा सल्ला माझा होता, त्यामुळे तो मी थोडक्यात सांगतो.

टायरमध्ये हवा कमी असली की गाडी जड जाते, हे खरं. मी म्हटलं, मग जास्त भरली तर हलकी जाईल! हसनभाईंनी टायर दगडासारखे टणक करून आणले. त्याच दिवशी त्यांना भाट्याचं भाडं मिळालं, एका हळदीच्या कार्यक्रमाला कोकम सोड्याचे क्रेट. भाट्याचा पूल ओलांडून वाडीत शिरेपर्यंतचा रस्ता तुम्ही बघितला असेल. गाडी रस्त्यावर कमी आणि हवेत जास्त होती.

मांडवात पहिली बाटली नवऱ्याच्या मामांनी उघडली. मामा पांढऱ्याशुभ्र कुडत्यात. अर्धी बाटली छतावर गेली, अर्धी मामांवर. दुसरी उघडली, तेच. तिसरी कोणी उघडेना.

मामा गुलाबी ठिपक्यांत उभे राहून म्हणाले, "अहो, हळद नवऱ्याला लावायची हाय. मला कोकम कशाला?"

हसनभाईंनी परत येऊन मला फक्त एवढंच सांगितलं, "दिन्या, तू पुढचा सल्ला मामांना दे." तेव्हापासून कंपनीने सांगितली तेवढीच हवा भरतात.

*

मग विलासने त्यांना पायाची शिकवणी दिली. "हसनभाई, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबत नाय, तुडवता! अजून ट्रेलर चालवताय असं वाटतं. पायाखाली पिकलेला हापूस हाय असं समजा आणि अलगद दाबा."

आता समजा म्हटलं की माणूस समजतो. हसनभाईंनी खरोखर हापूस ठेवला!

पावसच्या रस्त्याला निघाले. हापूस पेडलखाली, हसनभाईंचा पाय पेडलवर आणि गाडी बैलगाडीच्या वेगाने. मागे रांग लागली. एस.टी., दोन टेम्पो, रिक्षा, पर्यटकांच्या गाड्या. रस्ता अरुंद, ओव्हरटेक करायला जागा नाही. वाटेतल्या एका म्हाताऱ्याने पडवीतून उठून हात जोडले आणि विचारलं, "मिरवणूक कुणाची हाय?"

पुढे चढ आला. चढाला दाबल्याशिवाय इलाज नाही. हसनभाईंनी गाडी बाजूला घेतली, आंबा उचलून डॅशबोर्डवर ठेवला, चढ चढले, वर जाऊन परत गाडी थांबवली आणि आंबा खाली ठेवला. असे चार चढ! चढाला आंबा वर, उताराला आंबा खाली. रांगेतल्या लोकांनी शेवटी त्यांच्याकडे बघायचं सोडून दिलं.

विलासला हे कळलं तेव्हा तो पांढरा पडला. "आणि ब्रेकखाली सरकला असता तर? आंबा मनात ठेवायचा हो, गाडीत नाय!"

"चुकलंच," हसनभाई म्हणाले.

"बरं, ॲव्हरेज किती आलं?"

"ते बघायचं राहिलं. पण आंबा गोड होता."

*

आमच्यात सुनंदावहिनी एकट्याच खरोखर चौदा काढतात. त्यांचा नवरा मुंबईला नोकरीला. इथली पिकअप त्या चालवतात, काजूच्या बियांपासून गोठ्याच्या पत्र्यापर्यंत काहीही नेतात. आम्ही त्यांना कधी विचारलं नव्हतं. बाईमाणसाला ॲव्हरेज काय विचारायचं, अशी आमची अक्कल!

एका सकाळी आम्ही तिघं हसनभाईंच्या गाडीजवळ उभे राहून डिझेल कसं वाचवायचं यावर बोलत होतो. विषय रंगला होता. विलास हातवारे करून सांगत होता. वहिनी आल्या, कमरेवर हात ठेवून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "किती वेळ चाललंय?"

"झाला असेल अर्धा तास."

"आणि गाडी?"

गाडी चालू होती! अर्धा तास, डिझेल वाचवायची चर्चा करताना, धडधड धडधड!

"तुम्हा पुरुषांचा हाच रोग हाय," वहिनी म्हणाल्या. "समोरून ओळखीचा आला की गाडीला गाडी लावून गप्पा, दोन्ही इंजिनं चालू. मी गाडी बंद करून बोलते. म्हणून कमी पण बोलते."

हसनभाईंना तर दर दोन मैलांवर ओळखीचा माणूस. एकाची पिशवी पोचवायची, एकाला निरोप सांगायचा, एकीच्या गुडघ्याची चौकशी करायची. दिवसभरात गाडी चालण्यापेक्षा उभी जास्त, आणि उभ्या उभ्या डिझेल पिते. त्यांनी त्या दिवसापासून बोलताना गाडी बंद करायची शपथ घेतली.

पण बॅटरी म्हातारी. एकदा बंद केली की गाडी परत सुरू होईना. धक्का मारावा लागे. ज्याच्याशी बोलले तोच धक्का मारणार, दुसरा कोण? चार दिवसांत गावोगाव खबर पसरली. लांबून हसनभाईंची गाडी दिसली की माणसं घरात जायला लागली. एक गृहस्थ तर विहिरीच्या कठड्याआड बसले!

गाडीने दहा दिलं. आम्ही नाचलो. हसनभाई मात्र चिऱ्यावर बसून होते.

"काय झालं हसनभाई? दहा झाले की!"

"ॲव्हरेज वाढलं रे, पण माणसं कमी झाली," ते म्हणाले.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीतली जुनी बॅटरी आणून बसवली. ती पण दोनदा सुरू करायची आणि तिसऱ्यांदा रुसायची, पण तेवढ्याने लोक बाहेर यायला लागले.

*

मेच्या शेवटी हसनभाई दापोलीकडच्या मुरुडला आणि तिथून आंजर्ल्याला माल टाकून आले आणि स्टँडवर येऊन ओरडले, "साडेबारा!"

आमचा विश्वास बसेना. विलासने कागद मागितला. मीटर बघितला, डिझेल बघितलं, पुन्हा मीटर बघितला. "हसनभाई, हे अंतर तुम्ही मीटरवरनं नाय घेतलं."

"मीटर चुकीचा हाय. तो खाडीतलं अंतर धरत नाय."

वाटेत दोन खाड्या. गाडी फेरीबोटीवर चढवायची आणि पलीकडे उतरायचं. हसनभाईंनी जाताना येताना बोटीवरचं अंतरही गाडीच्या नावावर टाकलं होतं!

"अहो, बोट गेली तिथे, गाडी नाय!"

"मग गाडी काय या काठाला राहिली? मी तिच्यातच बसलो होतो."

विलासने कागदाची घडी करून हसनभाईंच्या खिशात ठेवली.

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात जहीर आला. उंच, नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट. बोलायला कमी. परीक्षा त्यानेच ठरवली. भाट्याहून नारळाची रोपं भरायची, रत्नागिरीच्या पंपावर टाकी फुल करायची, लांज्याला रोपं उतरवायची आणि परत त्याच पंपावर टाकी फुल. दुसऱ्यांदा जेवढं डिझेल बसेल तेवढं लागलं. यात फसवाफसवीला जागा नाही, असं तो म्हणाला.

पंपाच्या नळाने कट मारला तिथे डिझेल थांबवलं. जहीर एक काळी पिशवी पायाशी घेऊन बाजूला बसला. मी दरवाजाला लाथ घातली आणि गाडी निघाली. हसनभाईंनी जाताना आमच्याकडे बघितलं ते मला बघवलं नाही. दहाची गाडी बारा कुठून देणार?

आता माझं सांगतो. आदल्या दिवशी मी माझ्याच टाकीतून नळीने तीन लिटर डिझेल काढून कॅनमध्ये भरलं होतं. नळी तोंडाने ओढताना अर्धा घोट पोटात गेला, दिवसभर ढेकर डिझेलचे! लांज्याला मला भाडं असल्याचं सांगून मी पुढे जाऊन थांबलो. हसनभाई रोपं मोजून देत होते, जहीर रस्त्यापलीकडे लिंबूसरबत प्यायला गेला. कुलूप तर मोडलेलंच. मी तीन लिटर ओतले आणि मनातल्या मनात माफी मागून पसार झालो.

संध्याकाळी पाचला आम्ही पंपावर वाट बघत उभे होतो. मी, सुनंदावहिनी आणि विलास. विलास गॅरेज बंद करून आला होता, हे मी त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

गाडी आली. जहीर उतरला. शर्टाची इस्त्री मोडलेली, पाठीवर घामाचा डाग.

"हे काय?" मी विचारलं.

"धक्का मारत होतो," तो म्हणाला. "परत येताना अकरा वेळा थांबलो. अब्बा बोलायला लागले की गाडी बंद करतात. मग लोक स्वतःच म्हणतात, बोला बोला हसनभाई, आम्ही ढकलतो. पालीत तर एका म्हातारीने पण हात लावला." त्याने कपाळ पुसलं. "मला इथे एवढी माणसं ओळखत नायत."

हसनभाईंनी गाडी नळाजवळ लावली. बोटं स्टिअरिंगवर घट्ट. पंपावरच्या माणसाने झाकण फिरवलं, आणि झाकण सुटल्याबरोबर डिझेल उसळून त्याच्या चपलेवर आलं!

तो दचकून मागे सरला. वाकून आत बघितलं. "अहो, यात टाकू कुठे? गळ्यापर्यंत भरलीय!"

लांज्याला जाऊन परत, आणि टाकी निघताना होती त्यापेक्षा जास्त भरलेली!

हसनभाई खाली उतरले, टाकीत बघितलं, आकाशाकडे बघितलं, आणि त्यांना जे रडू फुटलं ते हसण्यातून फुटलं. "अरे, उमर गेली माजी त्या वाळवंटात तेलामागे! आणि तेल लागलं कुठे? माज्या टाकीत!"

जहीरने आमच्या तिघांकडे बघितलं. मी पंपाच्या पाटीकडे बघत होतो, विलास आपल्या बुटांकडे. वहिनी पदर नीट करत होत्या.

"बारापेक्षा जास्तच झालं, अब्बा," जहीर म्हणाला. "गाडी ठेवा."

आणि सगळ्यांसाठी चहा आणायला टपरीकडे गेला.

तो गेल्याबरोबर मी कुजबुजलो, "मी लांज्याला तीन टाकले."

"मेल्या, तू पण?" वहिनी म्हणाल्या. "मी पालीला त्यांना भाकरी खायला बसवलं आणि चार टाकले. कमी पडायला नको म्हणून."

विलासने डोकं धरलं. "मी हातखंब्याला हवा बघायच्या नावाने तीन ओतत होतो, दोनच आत गेले. टाकी घेईचना! मला वाटलं हवा धरलीय. पण नऊच होतात आपले. गाडी तेवढं तरी प्यायली असेल. मग वर आलेलं कुठलं?"

तेवढ्यात जहीर चार ग्लास हातात धरून आला. पाचवा हसनभाईंना आधीच देऊन आला होता. हसनभाई पंपावरच्या माणसाला दुबईच्या तेलविहिरी समजावून सांगत होते, गाडी बंद करून.

वहिनींनी ग्लास तोंडाला लावला आणि थांबल्या. "जहीर, चहाला डिझेलचा वास मारतोय रे."

जहीरने आपल्या हाताकडे बघितलं. मग लांब उभ्या असलेल्या बापाकडे बघितलं. "वहिनी, तुमच्याच हाताचा असेल."

वहिनींनी आपला हात हुंगला. मग त्याचा हात धरून हुंगला, आणि गाडीत पडलेल्या त्याच्या रिकाम्या काळ्या पिशवीकडे बघितलं. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "प्या रे सगळे गप!"